विचारलं तेवढंच

आमच्या घरात मिठाच्या बरणीवर 'मीठ' असं लिहिलेलं आहे. साखरेच्या डब्यावर 'साखर', आणि रिकाम्या डब्यावर 'रिकामा'. माझे बाबा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कंपनी सोडली, पण कंपनीने काही त्यांना सोडलं नाही. संत तुकाराम नगरातला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांनी महिन्याभरात शॉप फ्लोअर करून टाकला. आई म्हणायची, एवढं माझ्या कपाळावर 'बायको' असं चिकटवा, म्हणजे चुकून दुसरीला चहा मागायला नको.

त्यामुळे मी पुढे शिकायला अर्ज करणार म्हटल्यावर काय झालं असेल, ते सांगायला नको. मी फिजिओथेरपिस्ट. पिंपरीतल्या एका हॉस्पिटलात नोकरी करत होते आणि माझ्याकडे येणारे निम्मेअधिक पेशंट हाताचे. कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये सापडलेली बोटं, कापलेले स्नायू, शिवून जोडलेले आणि मग आखडून बसलेले हात. पदवीत हाताबद्दल जे शिकवलं होतं, ते दोन वर्षांतच अपुरं पडायला लागलं. दक्षिणेतल्या दोन संस्थांमध्ये हाताच्या उपचारांचा मास्टर्स होता. जागा मोजक्याच. इकडे आमच्या हॉस्पिटलची चाकणला नवी शाखा निघत होती आणि तिथला विभाग मला देणार होते, पण तीन वर्षांचा बाँड लिहून घेऊन. दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचं होतं. म्हणजे दोन्हीपैकी एका ठिकाणी जागा मिळाली तर शिकायचं, नाहीतर गुपचूप बाँडवर सही करायची. आणि एकदा सही केली की मग लग्न, घर, हप्ते. मी काही परत पुस्तक उघडणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाबांनी अर्ज ताब्यात घेतला. फ्रिजवर तक्ता लागला, झालेल्या कामाला हिरवी टिकली, अडलेल्या कामाला लाल. मार्कशीट, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. हे सगळं ठीक होतं हो, माझ्याच्याने काही इतकं नीट झालं नसतं. घोडं अडलं ते 'तुम्हाला हे का शिकायचंय' या पानभर निबंधावर. मी लिहिलं, मला वाटतं की हात हा माणसाचा सगळ्यात मोठा आधार आहे. बाबांनी 'वाटतं' खाली रेघ मारली. वाटणं हा पुरावा नाही म्हणे. मी लिहिलं, कधीकधी मला काय करावं ते कळत नाही. ते वाक्य तर सरळ उडवलंच. आपल्या हाताने आपला दोष कोण लिहून देतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी जे उरलं ते वाचून कुणालाही वाटलं असतं की अर्ज एखाद्या बेअरिंगने केलाय.

शिफारसपत्राची तऱ्हा वेगळीच. आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, तूच लिहून आण, मी सही करते. आपल्याकडे हे असंच चालतं. स्वतःचं कौतुक स्वतः लिहायला बसले तर माझ्या नाकी नऊ आले. बाबांनी त्यातलंही निम्मं कापलं. आईने वाचलं आणि म्हणाली, यापेक्षा वॉशिंग मशीनच्या गॅरंटी कार्डावर जास्त माया असते.

पहिल्या संस्थेने मुलाखतीला बोलावलं, लॅपटॉपवर. मुलाखतीची तयारी बाबांनी त्यांच्या पद्धतीने करून घेतली. कंपनीत बाहेरचे साहेब ऑडिटला यायचे, तेव्हा बाबा सगळ्या लाइनला एक नियम शिकवायचे. विचारलं तेवढंच बोलायचं. दाखवा म्हटलं तेवढंच दाखवायचं. एक शब्द जास्त गेला की साहेब त्याचा धागा पकडतो आणि आठवडाभर सगळ्यांना नाचवतो. या नियमावर बाबांनी आयुष्यभर ऑडिटं पास केली होती. त्यात काय चूक, मीही मान डोलावली.

मुलाखतीच्या दिवशी आईला कुकर लावायची बंदी. बाबा कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे पलंगाच्या टोकाला बसले. उत्तर लांबायला लागलं की ते तळहात वर करणार आणि मी थांबणार, असं ठरलं होतं. समोर तिघं होते. त्यातल्या एक वयस्कर बाई, चष्मा डोक्यावर चढवलेला, मोठ्या आपुलकीने विचारत होत्या. कामात काय अवघड जातं? मी म्हटलं, पेशंट नियमित येत नाहीत. तळहात वर. एखाद्या पेशंटबद्दल सांगाल? मी वय, दुखापत, उपचार, निकाल सांगितला. तळहात वर. शेवटी त्या बाई जरा पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, आम्ही विचारलं नाही असं काही सांगावंसं वाटतंय का? मला वाटत होतं. ओठांवर आलं होतं. पण तो तळहात रस्त्यावरच्या ट्राफिक पोलिसासारखा वर होता. मी म्हटलं, नाही, थँक यू.

बाबा खूश झाले. एकही फाटा फुटला नाही म्हणाले.

पंधरा-वीस दिवसांनी नकार आला. दोन ओळींचा, सभ्य. मी मोबाइल पलंगावर टाकला आणि बसून राहिले. बाबा चष्मा लावून परत परत वाचत होते, कुठे काय राहिलं ते शोधत. कागद तर सगळे पूर्ण होते म्हणाले. माझं डोकंच सटकलं. बाबांशी मी सहसा आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला.

"बाबा, ती माणसं दोष शोधायला आली नव्हती. त्यांना मला भेटायचं होतं. तुम्ही मला भेटूच दिलं नाहीत."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. एरवी मी हसले असते. तेव्हा रडूच आलं.

आता दुसरीच संस्था उरली. तिचंही बोलावणं आलं, आणि ते हातचं गेलं की बाँड. बाबांनी फ्रिजवरचा तक्ता आपणहून काढला. मुलाखतीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी ते माझ्याजवळ आले आणि चाचरत म्हणाले, थोडा सराव करायचा का? माझा राग पुरता गेला नव्हता. मी म्हटलं, करू, पण आज खुर्चीत तुम्ही बसा. प्रश्न मी विचारणार.

बसले बिचारे. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मी चेष्टेच्या सुरात सुरू केलं. कुठे काम केलंत? कंपनीचं नाव, खातं, वर्षं. कामात काय चांगलं वाटायचं? पार्ट बरोबर आला की. कामात काय चुकलं? काही नाही. आई दारात कणकेच्या हातांनी उभी राहून हसत होती. मग मी त्या बाईंसारखी पुढे झुकले आणि म्हटलं, आम्ही विचारलं नाही असं काही सांगावंसं वाटतंय का?

"नाही," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, बघा, आता कळलं कसं वाटतं समोरच्याला? आणि उठायला लागले. ते उठले नाहीत. गुडघ्यांवरचे हात तसेच. मग खाली बघत, एका लयीत, रिपोर्ट वाचावा तसे ते सांगायला लागले.

त्यांच्या लाइनवर रहाटणीचा एक ऑपरेटर होता. गावातल्या जुन्या घरातला, हसतमुख. त्याच्या प्रेसला सेन्सर होता, हात आत असला की मशीन थांबवणारा. तो सारखा थांबवायचा, आकडा कमी यायचा, म्हणून कुणीतरी वरून सांगून तो बंद करून टाकला. त्या माणसाने बाबांना येऊन सांगितलं होतं, साहेब, हे बरं न्हाई. बाबांनी वर कळवलं. वरून बघू म्हणाले. पुढच्याच आठवड्यात त्याचा उजवा हात गेला आत. उपचार झाले, नियमाने मिळायचे ते पैसे मिळाले, तो कामावरून गेला. आणि थोड्याच दिवसांत ऑडिट आलं. बाहेरचा साहेब नेमका त्याच प्रेसपाशी उभा राहिला. त्याने पार्टचं माप विचारलं. बाबांनी माप दाखवलं. सेन्सर तेव्हाही बंदच होता.

"त्यांनी विचारलं नाही," बाबा म्हणाले. "मी सांगितलं नाही."

ऑडिट पास झालं, सगळ्यांना बॅगा मिळाल्या. ती बॅग मी कॉलेजला नेत होते. आईचं हसू केव्हाच गेलं होतं. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. मला बाबांचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी आठवलं, मी कामावरून आले की ते रोज एकच विचारायचे, आज कुणाची बोटं मिटली का? मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही. आईने पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या मुलाखतीच्या वेळी बाबा खोलीत नव्हते. भाजी आणतो म्हणून गेले, आणि भाजी तर घरात होती. यांनीही तेच विचारलं, अवघड काय जातं? मी त्यांना माझ्या एका पेशंटबद्दल सांगितलं. वेल्डर. त्याचा हात मी बरा केला होता, पकड चांगली आली होती, कागदोपत्री पूर्ण बरा. कामावर गेला आणि चार दिवसांत परत आला. म्हणाला, ताई, हात चालतो, पण मशीनजवळ गेलं की पुढे येत नाही. मी त्याला आणखी व्यायाम दिले. दुसरं मला काही येतच नव्हतं. हातातली भीती कशी काढायची ते मला येत नाही, मी म्हटलं, म्हणून मला शिकायचंय. थांबवायला कुणी नव्हतं, मी बोलतच गेले. पेशंट तिसऱ्या खेपेनंतर का येत नाहीत, सुट्टी घेतली की पगार कसा कापतात, लग्नाच्या फोटोत तो हात खिशात कसा घालतात, सगळं. बाबांची गोष्ट नाही सांगितली, ती माझी नव्हती. मधे एकदा माझं इंग्रजी अडखळलं तर त्यांच्यातला एक गृहस्थ म्हणाला, सावकाश, आम्हाला घाई नाही. ठरलेल्या वेळेपेक्षा किती जास्त झालं कोण जाणे.

जागा मिळाली. मेल आला तेव्हा मी ओपीडीत होते. घरी फोन केला तर बाबा म्हणाले, बरं. एवढंच. आईने मात्र मी घरी पोचायच्या आत अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटून टाकले होते. फी भरायची होती, हॉस्टेल मिळायचं होतं, मॅडमना चाकणचं नाही म्हणून सांगायचं होतं. पण आईला कुठला दम.

त्या रविवारी बाबा पेढ्यांचा एक बॉक्स घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. रहाटणीला जाऊन येऊ म्हणाले. कुणाकडे, ते मी विचारलं नाही. स्कूटर मी चालवली, ते मागे बॉक्स मांडीवर धरून बसले.

गावातलं जुनं घर पाडून तीन मजली इमारत झाली होती, वर भाडेकरू. तो ऑपरेटर खाली अंगणात खुर्ची टाकून बसला होता. बाबांना बघून चटकन उठला. या साहेब म्हणाला, आत हाक मारून चहा सांगितला. बाबांनी बॉक्स पुढे केला, ही माझी मुलगी, हाताच्या उपचारांचं शिकायला चाललीय म्हणाले. त्याने डाव्या हाताने पेढा घेतला. आणि मग, मी काही म्हणायच्या आत, उजवा हात माझ्यापुढे धरला. बघा ताई.

मी तो हातात घेतला. दोन बोटं तळव्याकडे आखडून गेलेली, अंगठा जेमतेम हलणारा. वेळेवर कुणी हाताळला असता तर इतका आखडला नसता. मी विचारलं, दुखतो का? थंडीत ठणकतो म्हणाला. आता किती सुटेल याचा अंदाज घेत मी एकेक सांधा दाबून बघत होते.

"तुझा हात गेल्यावरही सेन्सर बंदच होता, हे मला माहीत होतं," बाबा एकदम म्हणाले. ते अजून उभेच होते. "ऑडिटचा साहेब तुझ्या मशीनपाशी आला होता. मी शेजारी होतो. मी बोललो नाही."

माझी बोटं थांबली. त्याने हात काढून घेतला नाही. बाबांकडे बघून तो शांतपणे म्हणाला, "ठावं हाय मला, साहेब. समद्यांनाच ठावं व्हतं. मी आपला वाट बघत व्हतो, तुमी कवा येताय त्याची."