दादा गाडीत आहेत

महाळुंग्यात कंपनीची बस चुकली, तेव्हा एका पांढऱ्या गाडीवाल्याने मला लिफ्ट दिली. इथल्याच जुन्या गावचा, पन्नाशीचा माणूस. गाडी कोरी, टोपी कडक इस्त्रीची. थोडं पुढे गेलो आणि गाडीच्या स्पीकरमधून आवाज आला, "कुठं हायस रं?"

त्याने भर रस्त्यात गाडी थांबवली, खाली उतरला, टोपी सारखी केली आणि खिडकीतून ओरडला, "दादा, चाकणला निघालोय!"

मागे हॉर्नचा कल्लोळ. मी वैतागलो. "अहो, फोन गाडीला जोडलाय तो बसून बोलायलाच ना?"

"थोरल्या भावाम्होरं बसू व्हय? फोन कानाला होता तवा दादा लांब असायचे. आता गाडीतच असत्यात. त्यांनी 'बस' म्हणल्याबिगर बसायचं न्हाई."

दादांचं 'बस' काही येईना. इकडे माझी शिफ्ट चुकायला आली. शेवटी मीच स्पीकरला हात जोडले, "दादा, यांना बसायला सांगा हो!"

"सांगतो की," दादा म्हणाले. "पण मीच हितं मोशीच्या रस्त्यात गाडीभाईर उभा हाय. दुसऱ्या लाइनीवर आमचे वडील, आबा हायेत. त्यांना आधी मला 'बस' म्हणू द्या."

चाकणचं ट्रॅफिक तुंबलं की लोक उगाच खड्ड्यांना शिव्या देतात.