वलवणची बोट

मळवली स्टेशन मागे पडलं. डाव्या हाताला लोहगड आणि विसापूर कोवळ्या उन्हात न्हाऊन निघाले होते, पण माझं निम्मं लक्ष मांडीवरच्या अल्बमकडे होतं. सिगारेटच्या पाकिटांतून निघणारी रंगीत चित्रं मी जमवतो. स्वतः ओढत नाही. ओढणाऱ्यांच्या मागे लागतो. माझा आगबोटींचा संच एका चित्रावाचून अडला होता. त्या एका बोटीसाठी सगळे क्रिकेटवीर देऊन टाकायची माझी तयारी होती, पण पुण्यात ती कुणाकडेच नव्हती. आणि हवापालटाला लोणावळ्यात राहून आलेले आमचे शेजारी म्हणाले, ती वलवणला हलिमामावशी म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या घरात आहे!

लोणावळ्याला उतरून गुडदाणी (गूळ-शेंगदाण्याची वडी) घेतली आणि टांगा केला. भाताची कापणी चालली होती. खाचरांतून (बांध घातलेल्या भातशेतांतून) ओल्या पेंढ्याचा गोडसर वास येत होता आणि पलीकडे धरणाचं पाणी आरशासारखं पसरलं होतं. मी बघत राहिलो. तेवढ्यात चाक चिखलात रुतलं. हात द्यायला खाली उतरलो, तो गुडघाभर रुतलो. अल्बम मात्र डोक्यावर धरलेला.

टांगेवाला हसत म्हणाला, "अवो भाऊ, आदी सोताला सांबाळा! पुस्तकाला काय व्हतंय?"

दारातच मावशींनी माझे पाय पाहिले आणि काही विचारण्याआधी पाणी दिलं. मग तांदळाची भाकरी आणि धरणातल्या माशांचं तिखट कालवण. असं कालवण मी पुण्यात कधी खाल्लेलं नाही.

बोट आरशाच्या चौकटीत खोचलेली होती. कोपरे झिजून गोल झालेले, रंग बोटांनी पुसट झालेला. जमवणाऱ्यांच्या लेखी तिची किंमत फारशी नव्हती. मला मात्र तीच हवी होती. मी बदल्यात काय काय देईन ते सांगितलं.

मावशी म्हणाल्या, "आमचे हे सायबाच्या बंगल्यावर खानसामा व्हते, त्यांनी आनली. मग आमचा ल्योक करीम बोटीवर गेला. भट्टीत कोळसा मारतो तितं."

"ही त्याचीच बोट का?"

"न्हाई वो. त्याची शिलवर इष्टार. हिचं नाव निराळं हाय, त्यानंच वाचून दावलं. पन धुराडी तशीच, म्हनला. म्हून ठेवली."

सिल्व्हर स्टार! ती माझ्याकडे होती. एकच प्रत, कोपरे शाबूत, पाठीवरची छपाई स्वच्छ. फार खटपटीनं मिळालेली. क्षणभर गप्प राहावं असं वाटलं. मग अल्बम उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

त्या चित्र दाराच्या उजेडात घेऊन गेल्या. कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"कोळसा कुटं मारत्यात?"

मी बोटीच्या पोटावर, पाण्याच्या रेषेखाली बोट ठेवलं.

"हितं खिडकी न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

मी ते चित्र अल्बममधून सोडवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि आरशाच्या दुसऱ्या बाजूला खोचलं. आता जुनी बोट मिळणार, म्हणून मी वाट बघत होतो. ते त्यांच्या ध्यानात आलं.

"भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. ही देववत न्हाई. इतकी वर्सं हिच्याकडंच बगून दुवा मागितली, आता तिला घराबाईर कशी काडू?"

मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर डोळेही भरून आले. निघताना त्यांनी फडक्यात नव्या तांदळाची पुरचुंडी बांधून दिली. "नाही" म्हणायची सोय नव्हती.

परतीच्या गाडीत अल्बम उघडला. एक चित्र आणायला गेलो होतो आणि उलट दोन चौकटी रिकाम्या घेऊन आलो होतो. जमवणारा माणूस एवढ्यानं आठवडाभर हळहळतो. मला हळहळ वाटेना. आम्ही कोपरे तपासतो, छपाई तपासतो, त्यावर भाव ठरवतो. पण कुणी एवढं मन लावून पाहिलेलं चित्र माझ्या अल्बमात एकही नव्हतं. मी पेन्सिल काढली आणि दोन्ही रिकाम्या चौकटींत लिहिलं: वलवणला आहे.