कोर्टातली रिकामी बाकं

देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मी बसमधून उतरले आणि आधी नाकात शिरला तो गरम जिलबीचा वास. शिकागोत येऊन जिलबीच खायची तर नागपूर काय वाईट होतं, असं मी भाचीला, सुजाताला, म्हटलंही. तिला हसू आलं नाही. समोरचा बसथांबा दाखवत ती म्हणाली, "मावशी, मार्कसला इथेच पकडलं."

मार्कस हा सुजाताच्या ओळखीच्या रूथबाईंचा मुलगा. काळा, कॉलेजात शिकणारा. बसची वाट बघत उभा असताना पोलिसांनी त्याला हटकलं, खाली पाडलं आणि वर त्यानेच हात उगारला म्हणून तुरुंगात टाकलं. खटला उभा राहीपर्यंत त्याला घरी सोडायचं की आतच ठेवायचं, हे सोमवारी कोर्टात ठरणार होतं. वकिलाने रूथबाईंना एकच सांगून ठेवलं होतं, बाकं भरलेली दिसू द्या. इकडे तशी रीत आहे. आरोपीच्या मागे ओळखीपाळखीचे लोक येऊन नुसते बसतात, म्हणजे न्यायाधीशाला कळतं की या पोराला माणसं आहेत.

त्यासाठीच शनिवारी एका चर्चच्या तळघरात सभा होती. सुजाताचा गट जातिभेदाविरुद्ध काम करणारा, सगळी आपली आयटीतली मराठी मंडळी. रूथबाईंच्या वस्तीतली काळ्यांची समिती आली होती, स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांचीही आली होती. जेवण पॉटलक (ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायचा). मी पुडाची वडी (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली) केली होती. शेजारी तमाले (मक्याच्या पिठात सारण भरून पानात उकडलेले) होते. पण जो तो आपापल्या भांड्यापाशीच उभा राहून आपलंच खात होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग आपल्या लोकांनी आपल्या सवयीने कार्यक्रम केला. प्रास्ताविक, प्रतिमेला हार, पाहुण्यांचा परिचय आणि शाल-श्रीफळ देऊन रूथबाईंचा सत्कार. शाल मीच नागपूरहून आणलेली, पांघरलीही मीच. नारळ हातात घेऊन त्या अवघडून उभ्या होत्या. "याचं मी काय करू?" त्यांनी हळूच विचारलं. मला हसू आलं. गटाचा अध्यक्ष प्रशांत बोलायला उभा राहिला तो थांबेचना. रूथबाईंची पाळी आली तेव्हा चर्चचा माणूस किल्ल्या घेऊन दारात उभा होता. सोमवारी कोण कोण येणार, हे विचारायचं राहूनच गेलं.

ते रूथबाईंनी बाहेर फुटपाथवर विचारलं. काळ्यांच्या समितीचे म्हातारे प्रमुख म्हणाले, "येऊ, पण फलकावर आमचं नाव पहिलं. आमचं दुःख या देशाइतकं जुनं आहे."

स्थलांतरितांपैकी एक बाई उसळली. "आमच्या माणसांना इमिग्रेशनवाल्यांनी घरातून उचलून नेलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

प्रशांत माझ्या कानाशी लागला. "काकू, जातिभेदावर बंदी घालायच्या आपल्या ठरावाला यांनी सपोर्ट केला का? नाही ना यार! मग आपणच का जायचं?"

तिन्ही माणसं खरं बोलत होती, आणि म्हणूनच मला रडू कोसळेल असं वाटलं. रूथबाई नारळ पोटाशी धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

सोमवारी सकाळी सुजाता बूट घालता घालता थबकली. "मावशी, माझा व्हिसा रिन्यूअलला गेलाय. कुणी फोटो काढला तर? तू जा ना प्लीज." तिच्यावर चिडायचा मला धीर झाला नाही. मी एकटीच बसने गेले.

कोर्टात थंडी वाजत होती. रूथबाईंनी ती शाल अंगाभोवती गच्च लपेटली होती. आम्ही दोघी पुढच्या बाकावर, मागची सगळी बाकं रिकामी. काळ्यांची समिती त्याच वेळी मार्कसचा फोटो घेऊन महापालिकेच्या पायऱ्यांवर पत्रकार परिषद घेत होती. स्थलांतरित आपल्या माणसांसाठी दुसऱ्या तुरुंगाच्या फाटकावर होते. आमची मंडळी ऑफिसात.

मार्कसला आणलं. त्याने मान वळवून पाहिलं, मग न्यायाधीशाने कागद चाळले आणि त्याला आतच ठेवायला सांगितलं. चहा निवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

बाहेर आल्यावर रूथबाई म्हणाल्या, "तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे बघत होता." बस येईपर्यंत मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

मी भारतात परत निघाले तेव्हाही मार्कस आतच होता. एकमेकांना साथ द्यायची भाषा सगळ्यांना येते. मला आता ती ऐकवत नाही.

नागपूरला पोचल्यावर आमच्या मंडळाने माझा सत्कार ठेवला, अमेरिकेतल्या काळ्या बांधवांशी नातं जोडून आले म्हणून. नको नको म्हणेपर्यंत खांद्यावर शाल पडली. मी मान वळवून मागे पाहिलं. सभागृहात बसायला जागा उरली नव्हती.