जाळ्या काढल्या तो दिवस

नियंत्रण रेषेवरची आमची पोस्ट मेजरसाहेबांच्या हाताखाली होती आणि तिथली मीडियम मशीनगन माझ्याकडे. मी हवालदार, दर्यापूरचा. पहाटे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज राहायचं, म्हणजे स्टँड-टू, मग शस्त्रसफाई, मग खालच्या झऱ्यावरून पाणी. समोरची पोस्ट इतकी जवळ की त्यांच्या फोडणीचा वास यायचा.

एका संध्याकाळी नाल्याकाठी आमच्या गस्तीवर गोळीबार झाला. भातकुलीचा शिपाई विनोद जागेवरच गेला. त्याला आणायला दोनदा माणसं उतरली. दोन्ही वेळा फायर आला. सकाळी आम्ही लाउडस्पीकरवरून बोलणी मागितली. उत्तर नाही. ऊन चढत होतं आणि विनोद उघड्यावर पडून होता.

मेजरसाहेब म्हणाले, "सगळ्या हत्यारांवरच्या जाळ्या काढा. दिसू द्या त्यांना. माझ्या हुकुमाशिवाय एकही गोळी नाही."

कित्येक महिने जाळ्यांखाली लपवलेल्या मशीनगन आणि रॉकेट लाँचर उघड्यावर आले. तासाभराने समोरून पांढरं कापड हललं.

फ्लॅग मीटिंगला, म्हणजे पांढरा झेंडा घेऊन बोलायला, निःशस्त्र जायचं असतं. अकोल्याच्या नाईक युसुफची उर्दू चांगली, म्हणून झेंडा घेऊन तो उतरला. मागे स्ट्रेचरवाले दोघे. त्याच्याजवळ एक रेडिओ सेट, एक माझ्याजवळ.

"भाऊ, दिसून राहिलो का मी?"

"दिसून राहिला. वाकून चाल बे."

"झेंडा घेऊन वाकू? हासतीन मले ते."

समोरून त्यांचा सुभेदार आला. बोलणं सुरू झालं तोच त्याच्या मागच्या दगडाआडून एका जवानाने रायफल उचलली. नेम युसुफवर. माझं बोट ट्रिगरवर गेलं.

"होल्ड फायर," मेजरसाहेब म्हणाले.

युसुफ बाजूला सरकला तो नेमका माझ्या आणि त्या जवानाच्या मधे. आता माझी गोळी आधी त्यालाच लागली असती.

"युसुफ, बाजूले हो!"

"नाई होत. भेला हाये तो. तू थांब."

सुभेदार मागे वळून ओरडला. रायफल खाली गेली. दुपारी आम्ही विनोदला वर आणलं. त्यानंतर दोन्ही पोस्टच्या कमांडरांची बोलणी नेमाने होऊ लागली. खालच्या गावाने त्या वर्षी गोळीबाराच्या भीतीविना मका कापला.

फौजेच्या ताकदीने शांतता येते का, असं लोक मला विचारतात. जाळ्या काढल्या नसत्या तर ते कापड हललं नसतं, हे माझं मत. युसुफ आता अकोल्यात गॅरेज चालवतो. तो म्हणतो, "आन तू घोडा दाबला असता तं? बोलाले उरलं कोण असतं?" यावर आमचं अजून जुळलेलं नाही.

विनोदच्या घरी आम्ही दोघं दरवर्षी जातो. पहिल्या वर्षी त्याच्या आईने आम्हाला एवढंच विचारलं, "माह्या विनोदनंतर तिथं कोणी जिवानं गेलं का?"

"नाई, मावशी. आमी होतो तोवर कोणी नाई."

"आन तिकडचं?"

"तिकडचंबी नाई."

तिने विनोदच्या फोटोची काच पदराने पुसली. मग म्हणाली, "मंग ठीक. बसा, जेवून जा."