गवरीचे दात

आमच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. मांजरांच्या केसांसारखे ते आपोआप साचतात. सकाळी झाडून काढले तरी दुपारी खुर्चीवर असतातच. अमरावतीच्या उन्हाळ्यात दुपारी कोणी जनावर घेऊन येत नाही. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास येत असतो, कंपाउंडर गजाननभाऊ बाकावर पेंगत असतात आणि मी, म्हणजे डॉक्टर, खुर्चीत अर्धवट झोपेत असते. त्यामुळे कोणता किस्सा घडला आणि कोणता स्वप्नात पडला, ते माझं मलाच सांगता येत नाही. गवरीचे मात्र सगळे खरे आहेत. गजाननभाऊ साक्षीला होते, म्हणजे जागे असतील तर.

*

गवरी किसनकाकांची मांजर. खरं तर कुसुमकाकूंची. काकू वारल्या आणि घरात हे दोघंच उरले. काका झेंडू-शेवंती पिकवतात. बाजारात फुलं टाकून ते तसेच आमच्याकडे आले, रिकाम्या टोपलीत ओल्या फडक्याखाली गवरी.

"भूक तं लागते तिले," काका म्हणाले. "वाटीपाशी पयत येते, एक घास घेते, अन् किंचाळून पयून जाते. मंग दुरून वाटीवर फिसकारते. तिले वाटते जेवणच चावते."

मी तोंड उघडून पाहिलं. हिरड्यांपासून घशापर्यंत लालभडक, नुसतं बोट लागलं तरी रक्त.

"पयले रोज सकाळी माह्या उशीपाशी उंदीर आणून ठेवे," काका म्हणाले. "कुसुम गेल्यावर तं एक दिवस चुकली नाई. आता काईच आणत नाई."

*

काकांची बहीण अकोल्याला असते. अकोल्याच्या माणसाला कुठलाही आजार सांगा, कारण एकच, उष्णता! ठेच लागली तरी उष्णता. बहिणीने फोनवर उपाय सांगितले होते. दुधात सब्जा, वरून गुलकंद आणि तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या.

"मांजरीला गुळण्या?" मी विचारलं.

"मी करून दाखोल्या. तिनं नुसत्या पायल्या."

"आणि गुलकंद?"

"तो मीच खाल्ला. फेकाव काय?"

*

आता हा आजार समजावून सांगायचा म्हणजे कठीण. मी म्हटलं, "काका, दातांवर जंतूंचा थर सगळ्याच मांजरांच्या बसतो. पण हिच्या अंगातली रोगाशी लढणारी फौज त्या थरावर अशी चवताळते की थांबतच नाही. आपल्याच हिरड्या सोलून काढते. तुम्ही डुकरं हाकलायला राखणदार ठेवला आणि तो पान हललं तरी काठी घेऊन धावत सुटला, तसं. डुकरांनी खाल्लं त्याहून जास्त पीक त्यानंच तुडवलं. म्हणून दात काढायचे. थर बसायला जागाच ठेवायची नाही."

काकांनी गवरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"मंग राखणदाराले झोपवा ना. दात काहून काढता?"

"झोपवायचं इंजेक्शन आहे. पण तो कायमचा झोपला तर खरी डुकरं येतील."

"मंग थोडासा झोपवा."

झोपवला. गवरी छान जेवायला लागली. काका मला शेवंतीचा हार घेऊन आले आणि मीही तो घेतला. इंजेक्शनचा असर उतरला, आणि टोपली पुन्हा दारात. या वेळी गवरीला मान उचलवत नव्हती.

*

"दात नसलेली मांजर मांजर राहीन काय?" काकांनी विचारलं.

बऱ्याच मांजरींना आराम पडतो, काहींना नाही पडत, असं मी सांगितलं. मला खोटं बोलवलं नाही.

"ती गेली तं घरात माह्या मागं-मागं फिरणारं कोणीच नाई," ते म्हणाले आणि कागदावर सही केली.

दाढा, सुळे, सगळं काढलं. नंतर गवरी चादरीवर पडली होती, भूल उतरत होती. तिचे पंजे मधूनच हलत होते. काका दाराच्या काचेतून पाहत होते.

"सपन पडून राहिलं काय तिले?"

"पडत असेल."

"कुसुम दिसत असन तं लवकर उठवू नका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कूलर चालू होता, गवरी झोपेत कुठेतरी चालत होती, आणि मी तिच्याजवळ नुसती उभी राहिले.

*

नंतर एकदा गजाननभाऊ पूजेची फुलं आणायला काकांकडे गेले. काका ओसरीवर जमिनीवर बसलेले, स्वतःची कवळी काढून बाजूला ठेवलेली. गवरीच्या ताटलीत मऊ भात, काकांच्याही ताटात तोच. दोघंही हिरड्यांनी चघळत होते.

"काका, कवळी काहून काढली?"

"तिले एकटं वाटू नाई म्हणून."

गवरी भरली, अंगावर चमक आली. पण उंदीर नाही. "दातच नाईत तं कायची शिकार," असं काका म्हणायचे. तरी सकाळी उठल्यावर पहिली नजर उशीपाशीच जायची, हेही त्यांनीच सांगितलं.

*

मग एका दुपारी काका एकटेच आले. टोपली नाही, गवरी नाही. मी खुर्चीतून उठले.

ते बाकावर बसले. म्हणाले, "सकाळी डोळे उघडले तं उशीपाशी माही कवळी."

"रात्री तुम्हीच ठेवली असेल."

"मी कोनाड्यात ठेवतो, पाण्याच्या वाटीत. उशी ओली झाली होती. कवळीले तिचे केस चिकटले होते. अन् गवरी बाजूले बसून होती. उंदीर आणला का बसे ना, तशी."

गजाननभाऊ पूर्ण जागे झाले. "मंग तुमी काय केलं?"

"घातली," काका म्हणाले. "धुतली बी नाई. ती पाहून राहिली होती."