मोजणीसाहेबांची गुप्त पाहणी

मोजणीसाहेब गुप्त पाहणीला निघाले, की नगरपालिकेचा झाडूवाला जिन्याखालून हाळी द्यायचा, "निघाले हो, गुप्त निघाले!" तोवर साहेब काळा चष्मा लावून, टोपी कपाळावर ओढून, हातात भाजीची पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडलेले असायचे. उंची सहा फूट दोन इंच, चालताना डावा बूट करकर वाजणारा आणि मान बगळ्यासारखी पुढे काढलेली. असा माणूस टोपी घालून लपतो असं फक्त त्या माणसालाच वाटू शकतं.

हा माणूस मात्र सरळ. वाकड्यात शिरणं त्याला जमायचं नाही, आणि जमलं असतं तरी त्याने आधी अर्ज केला असता. पाण्याचे मीटर वाचणारा म्हणून लागला आणि एकही मीटर घरबसल्या वाचला नाही, म्हणून वरच्यांच्या डोळ्यांत भरला. पुढे नगरपालिकेने ठरवलं, की आपण लोकांना ज्या सेवा देतो त्या देण्याच्या लायकीच्या आहेत का, हे दरवर्षी तपासायचं. एका माणसाने सामान्य नागरिक बनून प्रत्येक खिडकीवर जायचं, दारात पाऊल टाकल्यापासून काम होईपर्यंत किती वेळ लागला ते मोजायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. सेवा एकोणीस. माणूस एकच. क्रीडा विभागाकडून एक शर्यतीचं घड्याळ आणलं, ते यांच्या गळ्यात पडलं आणि तेव्हापासून यांचं नाव मोजणीसाहेब झालं. पाठीमागे घड्याळ्या. बायको तर शेजारणींना सांगायची, "मी बोलायला लागले की यांचा हात गळ्यातल्या घड्याळाकडे जातो. माझं भांडणसुद्धा मिनिटांत मोजतात हो!"

तर अकरा वर्षं साहेब सामान्य नागरिक बनून फिरले आणि अकरा वर्षं सगळं गाव त्यांना ओळखून होतं. वाचनालयात शिरले की उशीची खुर्ची पुढे यायची. दाखल्यांच्या खिडकीवर तर एकदा कारकुनाने न विचारताच मृत्यूचा दाखला भरायला घेतला. "कुणाचा लिहू?" म्हणाला, "आपल्या सोयीने कुणाचाही सांगा." पाणी विभागात साहेबांनी चाचणीसाठी खोटीच तक्रार नोंदवली, नळ गळतोय म्हणून. वीस मिनिटांत दोन माणसं हजर. गळती काही सापडेना. रिकाम्या हाताने परत कसं जायचं, म्हणून त्यांनी चांगला नळ काढून नवा बसवला. साहेबांनी दहापैकी दहा दिले आणि घरी येऊन म्हणाले, "लोक उगाच नावं ठेवतात. आपली नगरपालिका म्हणजे नुसती धावतेय!"

गुण कमी पडायचे ते एकाच ठिकाणी. जुन्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला मलमपट्टीची खोली आहे. एक लांब बाक, दोन टेबलं, उकळत्या पाण्याचं भांडं आणि दोरीला चष्मा अडकवलेली सिस्टर. साहेब धडधाकट बोटाला फडकं गुंडाळून तिथे जायचे. सिस्टर वर न बघता म्हणायची, "टोकन घ्या, बसा."

"मला जरा..."

"रक्त वाहतंय? नाही ना? मग बसा. ज्याचं वाहतंय तो आधी."

सत्तेचाळीस मिनिटांनी नंबर लागायचा. सिस्टर फडकं सोडायची, बोट उलटसुलट करून बघायची, पुसायची, तितक्याच काळजीने नवं फडकं बांधायची आणि म्हणायची, "पुढच्या वेळी खरी जखम आणलीत तर बरं. फडकी मोजून मिळतात." ओळखून होती ती, अगदी पहिल्या वर्षापासून. पण त्या बाकावर नगराध्यक्ष बसले असते तरी तिने टोकनच दिलं असतं. साहेब इमानाने लिहायचे: सत्तेचाळीस मिनिटं, तीन गुण.

अकरा वर्षं त्या तीन गुणांनी कुणाचं काही बिघडलं नाही. कागद कपाटात जायचे, कपाटाला कुलूप लागायचं. यंदा मात्र नवे नगराध्यक्ष आले, त्यांनी कपाट उघडलं आणि ठराव मांडला, की सर्वांत कमी गुणांची सेवा बंद करावी. मलमपट्टी हवी असणाऱ्यांनी गावाबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात जावं. दोन बस बदलून. गुरुवारी सभा, त्यात मंजुरी.

ही बातमी साहेबांनीच रविवारी दुपारी जेवताना घरात सांगितली. समोर त्यांची थोरली बहीण बसली होती. ताई आठ महिन्यांपूर्वी एकटी पडली म्हणून भावाकडे राहायला आली होती. येताना तिने एक काठी, एक पेटी आणि उजव्या पायाच्या घोट्यावरची न भरणारी जखम एवढंच आणलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी साहेबांची बायको, म्हणजे ताईची वहिनी, तिला त्या खोलीत घेऊन जायची. साहेबांना हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि डोक्यात उतरणं वेगळं.

ताईने घास ताटात ठेवला. "मग माझा पाय?"

"ताई, मी काय करू? आकडा तो आकडा. बहिणीसाठी तीनाचे आठ केले तर उद्या लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"अरे, बदल असं कोण म्हणतंय तुला? खोटं लिही असं सांगायची सवय नाही मला. पण सांग, दाखल्यांच्या खिडकीला किती दिलेस?"

"नऊ. चार मिनिटं."

ताईने वहिनीकडे बघितलं. वहिनीने वरणाच्या भांड्याकडे बघितलं. "रहिवासाच्या दाखल्यासाठी चार खेपा घातल्यात मी," ताई म्हणाली. "तुला चार मिनिटं आणि मला चार खेपा! पहिल्यांदा फोटो लहान होता, दुसऱ्यांदा मोठा होता, तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेले होते."

"चौथ्यांदा?"

"अजून जेवतायत."

वहिनीला हसू आवरेना. मोजणीसाहेबांना काही हसू आलं नाही. "असं होणारच नाही," म्हणाले. "तू भलत्या वेळी जात असशील."

"मग ते घड्याळ दे इकडे," ताई म्हणाली. "तीन दिवस मी फिरते. आठ महिने या गावात आहे, पण सिस्टर सोडली तर मला कुत्रं ओळखत नाही. आणि तू मागे मागे येऊ नकोस. आलास तर खुर्च्या निघतील."

सोमवारी ताई निघाली, गळ्यात घड्याळ, ते झाकायला वरून शाल, हातात काठी. नावाला शोभेल अशी गुप्त पाहणी गावात पहिल्यांदाच झाली म्हणायची. संध्याकाळी तिने वहिनीकडून वहीत लिहून घेतलं. वाचनालय: पस्तीस मिनिटं, कारण पुस्तक देणारा समोरच्या दुकानात गप्पा मारत होता. पाणी विभाग: तक्रार नोंदवली, अजून कुणी फिरकलेलं नाही. मंगळवारी मलमपट्टीची खोली: शेहेचाळीस मिनिटं.

साहेबांनी ती वही तीनदा वाचली. मग घड्याळावर संशय घेतला. बुधवारी सकाळी ते घेऊन टपाल कचेरीच्या मोठ्या घड्याळाशी अर्धा तास ताडून बघत उभे राहिले. घड्याळ सेकंदाला चुकत नव्हतं. मग राहावेना. ताईला घड्याळ परत दिलं, ती दाखल्यांच्या खिडकीकडे निघाली आणि हे दहा पावलं मागून. टोपी नाही, चष्मा नाही. करकरता बूटसुद्धा घरी ठेवून बायकोच्या माहेरच्या कुणाच्या तरी वहाणा घालून.

खांबाआड उभं राहून त्यांनी बघितलं. ताई काठीवर भार देऊन उभी. उजवा पाय जमिनीला टेकवत नव्हती. तिचा नंबर आला आणि कारकुनाने खिडकीची फळी खाली ओढली.

"अहो, मी तास झाला उभी आहे."

"आजी, आमचे हात काय यंत्र आहेत? अर्ध्या तासाने या."

एवढ्यात कारकुनाची नजर खांबाकडे गेली. सहा फूट दोन इंच खांबाआड कितीसे मावणार! फळी धाडकन वर गेली. "या या साहेब! आज काय, टोपी नाही? अरे, खुर्ची आण रे!"

साहेब पुढे आले. "या बाईंचं काय काम आहे?"

"त्यांचं सोडा हो, त्या रोजच्याच आहेत. तुम्ही बसा."

आता साहेबांच्या जिभेवर एकच वाक्य होतं: ती माझी बहीण आहे. तेवढं म्हटलं असतं तर ताईला खुर्ची मिळाली असती, चहा मिळाला असता, दाखला तर पाकिटात घालून मिळाला असता. आणि तिचा आकडाही त्यांच्या आकड्यांसारखाच पोकळ झाला असता. लहानपणी अभ्यास न करता पळताना पकडल्यावर बघायची, तसं ताईने त्यांच्याकडे बघितलं. साहेबांनी ते वाक्य गिळलं. "मला काही काम नाही," म्हणाले आणि वळून चालू लागले. मागे फळी पुन्हा खाली आली. दुखऱ्या पायावर बहिणीला तशीच उभी ठेवून हा माणूस बाहेर पडला आणि पायरीवर बसून राहिला. झाडूवाल्याने विचारलं, "साहेब, बरं वाटत नाही का?" दोन तास दहा मिनिटांनी ताई बाहेर आली, तीही 'उद्या या' ऐकून. दोघं घरी गेली.

गुरुवारची सभा. नगराध्यक्ष खुशीत होते. एकोणीसपैकी अठरा सेवांना आठाच्या वर गुण, एक बंद केली की गाव 'सर्वोत्तम सेवा' पुरस्काराला जाणार. साहेबांच्या सत्काराचा गुच्छही पाण्यात ठेवलेला. मागच्या बाकावर ताई आणि वहिनी बसलेल्या.

मोजणीसाहेब उठले आणि आकड्यांचे दोन रकाने वाचून दाखवले. डावीकडे आपले, उजवीकडे तीन दिवसांतले. दाखल्यांचा कारकून नोंदी लिहायला बसला होता, त्याचं पेन थांबलं.

नगराध्यक्ष म्हणाले, "म्हणजे अकरा वर्षं तुम्ही मोजत काय होतात?"

"मला खुर्ची किती लवकर मिळते, ते." साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. "फक्त त्या एका खोलीत मला खुर्ची मिळाली नाही. म्हणून खरा आकडा तेवढाच आहे, आणि तुम्ही नेमकी तीच खोली बंद करताय. माझे बाकीचे आकडे रद्द समजा. तसं लिहून सही करून आणलंय."

एक सदस्य उसळले, "आणि हे उजवीकडचे आकडे घेतले कुणी?"

"माझ्या बहिणीने."

"वा! घरातलीच साक्ष! त्या स्वतःच त्या खोलीत जात असतील!"

"जाते तर," मागून ताई म्हणाली. "दर मंगळवारी आणि शुक्रवारी. माझ्यावर विश्वास नसेल तर तुमच्या घरचं कुणी पाठवा. ज्याला इथे कुणी ओळखत नाही असं."

नगराध्यक्षांनी डोकं खाजवलं. "आमच्या सासूबाई आल्यात खऱ्या परवाच," म्हणाले. "आणि त्या आठ गुण कुणाला देतील असं वाटत नाही." सभागृह हसलं आणि हसता हसता ठराव लांबणीवर पडला: सर्व सदस्यांनी आपापले पाहुणे पाठवून आकडे पुन्हा घ्यावेत, तोवर खोली चालू राहील. तो सबंध महिना गावात इतक्या सासवा, आत्या आणि मावशा आल्या, की खिडकीतले लोक प्रत्येक अनोळखी म्हातारीला बसायला देऊ लागले. न जाणो, कुणाची निघायची!

पुरस्कार हुकला तो हुकलाच. सत्काराचा गुच्छ झाडूवाला घरी घेऊन गेला. साहेबांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. गावातले अर्धे कारकून त्यांना बघून रस्ता ओलांडायला लागले. पाहुण्यांचे आकडे जमले, त्यात एकाच खेपेत काम होतं म्हणून मलमपट्टीची खोली पहिली आली आणि ती बंद करण्याच्या ठरावाचं नाव आता कुणी काढत नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या गुरुवारी सभा उठली तेव्हा ताईने उभ्या उभ्याच नगराध्यक्षांना विचारलं, "म्हणजे उद्या पट्टी बदलायला येऊ ना मी?"

"या, या."

साहेब सगळ्यांसमोर मागच्या बाकापर्यंत गेले आणि त्यांनी तिचा हात धरला. "काल तुला उभी ठेवली," म्हणाले. "पाय फार दुखला का गं?"

"दुखणारच की," ताई म्हणाली. "पण तू तोंड उघडलं असतंस ना, तर तिथेच काठी घातली असती. चल, उद्या सुट्टी काढ. या वेळी वहिनीऐवजी तू ये."