अंबाड्यातल्या काड्या

प्रभाकरचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. प्रभाकर माझा भाचा, माझ्या भावाचा मुलगा. "आत्या, माय गेली," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, कशी रे? तर म्हणाला, "बसल्या बसल्या. पत्रावळी लावून राह्यली होती. मले वाटलं, डुलकी लागली..." चहा तसाच गाळायचा राहिला. ऐंशी उलटून गेलेली माझी गिरिजावहिनी ओसरीवर, मांडीवर पळसाची पानं घेऊन गेली. रडू तर आलंच. पण दुपारी गावाच्या गाडीत बसले तेव्हा मनात दुःखापेक्षा जास्त काय दाटून आलं असेल, तर तो तिचा अभिमान. लोक म्हणतील ही कसली नणंद! पण जिनं वहिनीला पन्नासच्या दशकात पाहिलं आहे, तिला दुसरं काही वाटूच शकत नाही.

मूलजवळचं आमचं गाव तेव्हा जंगलाला लागून होतं. जिल्ह्याचं नाव चांदा, राज्य मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर. नागपूरला जायचं म्हणजे मूलहून छोट्या लायनीची गाडी. ती इतकी सावकाश जायची की वाटेत उतरून लघवीला जाऊन पुन्हा चढता येतं, असं आमचे दादा, माझे थोरले भाऊ, चिडवत. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी परकरात होते. घरात धानाची शेती, आणि उन्हाळ्यात पत्रावळी. लग्नसराईत आमच्या गावच्या बायांच्या पत्रावळी मूलच्या बाजारात हातोहात जायच्या. सगळ्यांत भरभर वहिनीचा हात चालायचा. पान जुळवायची, बांबूची बारीक काडी टोचायची, मोडायची, पुढचं पान. काड्यांची जुडी सगळ्याच बाया चोळीत खोचून ठेवत. हात तिथून लगेच उचलतो, जुडी सांडत नाही. तशीच पद्धत होती. आईनं तिच्या सासूचं पाहिलं, वहिनीनं आईचं, मी वहिनीचं.

शांता, वहिनीची थोरली, अंगावर पीत होती तेव्हाची गोष्ट. भादव्यात एकदा विहिरीवर वहिनी मला म्हणाली, "बाई, मले इथी काई तरी लागते." आणि माझा हात धरून तिनं डाव्या छातीवर ठेवला. आत आवळ्याएवढं काहीतरी कडक होतं. मी दचकून हात मागे घेतला. त्या काळी छाती हा शब्दही बाया तोंडानं उच्चारत नसत. दुखणं असेल तर "अंगाचं आहे" म्हणायचं, बिब्बा लावायचा, आणि पुढचं देवावर. गावात एका बाईची अशीच गाठ फुटून ती गोठ्यात कुजत गेलेली आम्ही ऐकून होतो. वहिनी मात्र त्याच संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत, दादांच्या आणि आईच्या समोर, वाढता वाढता म्हणाली, "माझ्या छातीत गाठ हाये. मले नागपूरले न्या." दादांच्या हातातला घास हातातच राहिला. आई म्हणाली, "काऊन वो, लाज नाई वाटत, पोराबाळात असं बोलाले?" त्यावर वहिनी म्हणाली, "लाज धरून बसली तं पोरगी कोन पोसन?" आणि आमटी वाढून पुढे सरकली. मला आजही ती आमटीची पळी दिसते...

दादांचा पाय घरातून निघेना, धान पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. म्हणून सोबतीला मी आणि दूरचे एक मामा. सोबत शांता. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, चष्म्याच्या. त्यांनी हातानं तपासलं, खूप वेळ तपासलं, आणि म्हणाल्या, "फोटो काढू या." फोटो म्हणजे एक्स-रे. आम्हाला वाटलं, नटून बसायचं असेल. तर एका अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यांनी सांगितलं की कमरेवरचं सगळं काढायचं, गळ्यातलंसुद्धा. चोळी उतरवताना वहिनी डगमगली नाही. यंत्र चालवणारा पुरुष होता, तो पाठ करून उभा. "मशीनले का डोये हायेत, की लाजू?" म्हणाली. पण गळ्यातली काळी पोत! सवाशिणीनं ती उतरवायची म्हणजे नवऱ्याच्या जिवावर उठल्यासारखं. तिनं मान डोलावली, पोत काढल्यासारखं केलं आणि पाठीवर केसांत गुंडाळून सोडून दिली. फोटो धुऊन आला तर छातीभर ठिपके ठिपके! डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना हाक मारली. आणि ते ठिपके म्हणजे पोतीचे काचेचे मणी असल्याचं वहिनीच्या पाठीकडे पाहून त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्या रागावल्या की हसल्या, मला अजून कळलेलं नाही. शेवटी वहिनीनं पोत काढून माझ्या मुठीत दिली. "घट्ट धर बाई. जमिनीले लागू देऊ नको, तुहा भाऊ हाये तो." मी मूठ आवळून दाराशी उभी राहिले. दुसऱ्या फोटोत मणी नव्हते. गाठही नव्हती.

नव्हती म्हणजे हाताला होती, फोटोत नव्हती. फुप्फुसं स्वच्छ, बरगड्या स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बरंच आहे, पण गाठ कसली ते यावरून सांगता येत नाही. काही आठवड्यांनी या. दिवाळीनंतर गेलो. तेव्हा त्यांनी छाती सपाट पाटीवर दाबून बाजूनं फोटो काढला, म्हणाल्या, "असा आम्ही फारसा काढत नाही, पण बघू." आला तो धुक्यासारखा. धान चुरून, मळणी आटोपल्यावर पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. दर खेपेला छोटी गाडी, दर खेपेला माझ्या मुठीत पोत, दर खेपेला पांढरा धुरकट फोटो आणि डॉक्टरीणबाईंचं "सांगता येत नाही". गाठ मात्र जागच्या जागी. या जाण्यायेण्यात वहिनी वाळली. रात्रीची झोप गेली. आई आता रागवत नव्हती, उलट गुपचूप देवापुढे बसायची, आणि ते पाहून वहिनी जास्त घाबरायची. परतीच्या गाडीत एकदा शांताला पदराखाली घेऊन ती म्हणाली, "फोटोत बुरं दिसलं असतं तरी मी सोसलं असतं वो. काईच नाई दिसत, हे सोसवत नाई."

त्या तिसऱ्या खेपेलाच मोठे डॉक्टर आले. वयस्क, भारदस्त, वाईट माणूस नव्हे. त्यांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं की धोका पत्करण्यात अर्थ नाही, स्तन पूर्ण काढून टाकू. मामा घरच्या कर्त्यासारखे मान हलवू लागले. वहिनी बाकावरून उठली. तोवर ती डॉक्टरांशी बोललीच नव्हती, जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. त्या दिवशी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सायेब, तुम्ही मोठे हा. पन माझ्यासंग बोला, मामासंग काऊन बोलता? छाती माझी हाये." मामांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती पुढे म्हणाली, "बुरा रोग असन तं सारी कापा, मी हूं की चूं करनार नाई. पन अगोदर गाठ तेवढी काढून पाहा. पाह्यल्याबिगर नोका कापू." तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडाकडे धरला. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "सर, मलाही तसंच वाटतं." आणि ठरलं. त्या बाकाशेजारी उभी असलेली मी, सतरा-अठरा वर्षांची पोर... आयुष्यात पुढे मी शाळेत शिकवलं, इन्स्पेक्टरशी भांडले, नवऱ्याच्या माघारी घर चालवलं. तोंड उघडायचं कसं, ते मी त्या दिवशी तिथं शिकले.

भूल उतरून वहिनी जागी झाली तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. हातात पांढरी ताटली, वर ओला कापूस, आणि कापसावर काळपट पडलेली, बोटाच्या पेराएवढी एक काडी. "गिरिजाबाई, गाठ काडीभोवती धरली होती. बुरा रोग नाही. पण हे आहे तरी काय?" वहिनीनं मान वळवून पाहिलं आणि ग्लानीतच खुदकन हसली. "अगे माय... हे तं पत्रावळीची काडी होय!" मग तिला आठवलं, मलाही आठवलं. वैशाखात पानांचा भारा घेऊन ती माळ्यावरून उतरत होती, शेवटच्या पायरीवरून पाय सटकला आणि छातीवर पडली. चोळीत काड्यांची जुडी. टोचलेल्या काड्या तिनं उपटून टाकल्या, हळद लावली, आणि पुन्हा पानं घेऊन बसली. एक आत मोडून राहिली, हे तिला कळलंही नाही. काड्या टोचणं तर रोजचंच. डॉक्टरांनी विचारलं होतं, मार लागला होता का? ती नाही म्हणाली होती, कारण याला आमच्याकडे मार म्हणतच नाहीत. आणि बायकांच्या चोळीत बांबू असतो हे नागपूरच्या डॉक्टरांनी कुठून ओळखावं? मी विचारलं, फोटोत का नाही दिसली? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काच दिसते, लोखंड दिसतं. बांबू नाही दिसत." आणि स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

त्यांनी एक फोटो वहिनीला दिला, आठवण म्हणून. गावी आल्यावर तिनं तो आपल्या खोलीच्या खिडकीला लावला, चारी कोपऱ्यांना बांबूच्या काड्या टोचून. आईनं कपाळ बडवलं, "छातीचा फोटो खिडकीत लावते काय वो कोनी?" पण वहिनीनं तो काढला नाही. आणि मग बाया येऊ लागल्या. आधी आमच्या गावच्या, मग पलीकडच्या रानातल्या वाड्यांवरच्या. मोहाची फुलं विकायच्या निमित्तानं यायच्या, आणि जाता जाता हळूच "बाई, मले पन..." वहिनी त्यांना खिडकीपाशी न्यायची. "पाह्य, फोटोत काईच नाई. तरी होती. म्हनून आपला हात लावून पाह्यत जा, आन् लागलं तं बोल." कित्येकींना ती स्वतः छोट्या गाडीत बसवून नागपूरला घेऊन गेली. सगळ्यांच्या गाठीत काडी नव्हती. शेजारची बकुळा उशिरा बोलली. तिची छाती कापली, तरी ती वर्षभरातच गेली. शेवटचे दिवस वहिनी तिच्या उशाशी होती, जखम धुवायला घरचीही पुढे येत नव्हती तेव्हा ती धूत होती. बकुळा गेली त्या दिवशी ती मला म्हणाली, "बाई, हे गाठ मीच पयले चाचपली असती तं..." आणि पदरात तोंड घालून रडली. तिला तसं रडताना मी एवढंच एकदा पाहिलं.

तेरवीला घरात बाजारच्या कागदी पत्रावळी आणायचं ठरत होतं. शांता, आता तीही आजी झालेली, म्हणाली, "मायच्या तेरवीले कागद नाई चालनार." मग गावातल्या बाया आदल्या दिवशी ओसरीवर जमल्या, पानांचे ढीग पडले. मीही चष्मा लावून बसले, हात अजून विसरला नव्हता. भोवती पाहिलं तर म्हातारी असो की पोरगी, प्रत्येकीच्या अंबाड्यात काड्यांची जुडी खोचलेली. दुसऱ्या कुठल्या गावात असं करतात का, मला ठाऊक नाही. प्रभाकरची नवी सून परगावची, भंडाऱ्याकडची. तिनं जुडी उचलली आणि सवयीनं ब्लाउजात खोचायला गेली. तशा ओसरीवरच्या सगळ्या बाया एकदम ओरडल्या, "तिथी नाई वो, तिथी नाई!" पोर बिचारी दचकली. "काऊन?" म्हणाली. शांतानं तिच्या हातातली जुडी घेतली, तिच्या अंबाड्यात नीट खोचली, आणि मग तिचा हात धरून तिला वहिनीच्या खिडकीपाशी घेऊन गेली.